पाइनवुड डर्बीची गाडी सॉफ्टवेअर जिंकून देत नाही

अमेरिकेत कब स्काउट, म्हणजे स्काउट संघटनेतल्या लहान मुलांच्या पाइनवुड डर्बीचे, म्हणजे छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीचे दिवस जवळ आले की पालकांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. गाडीचा आराखडा डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये करा, हवेचा प्रवाह संगणकावर तपासा, वजन कुठे बसवायचे ते त्यालाच ठरवू द्या. ज्या घरात हे जमते त्याच घरातले मूल जिंकते, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. तिकडच्या मराठी घरांतली मुलेही या शर्यतीत उतरतात, आणि या सल्ल्यामुळे काही पालक सुरुवातीलाच हातपाय गाळतात. म्हणून त्यातला एकेक भाग तपासून पाहिला पाहिजे.

शर्यत मुळात साधी आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी ती सुरू केली, कारण त्यांचा मुलगा मोठ्या मुलांच्या ‘सोप बॉक्स डर्बी’साठी, म्हणजे आत बसून उतारावरून चालवायच्या बिनइंजिन गाड्यांच्या शर्यतीसाठी, वयाने लहान पडत होता. पाइनचा ७ इंची ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि आस म्हणून चार खिळे एवढेच साहित्य मिळते. गाडीचे वजन ५ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि तिला इंजिन नसते. उतारावरून सुटल्यावर जो वेग मिळेल तोच शेवटपर्यंत पुरवायचा असतो.

हवेच्या विरोधाचा मुद्दा खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. सुमारे ४ फूट उंचीवर उभ्या असलेल्या गाडीजवळ साधारण १.७ ज्यूल ऊर्जा असते, आणि ठोकळा न कापता तसाच सोडला तर ढोबळ हिशेबाने तिचा दहावा हिस्सा हवेतच खर्च होऊ शकतो. मात्र हाच ठोकळा साध्या करवतीने पाचरीसारखा पातळ कापला की या नुकसानाचा बराचसा भाग टळतो. त्यापुढे पडद्यावर वक्ररेषा कितीही घोटल्या तरी हाती फार थोडे लागते, कारण उरलेल्या विरोधात चाकांचा वाटा मोठा असतो आणि चाके सर्वांना सारखीच मिळतात. शिवाय गाडी ट्रॅकला जवळजवळ चिकटून, ट्रॅकच्या मधोमध असलेल्या उंच पट्टीच्या दोन्ही बाजूंना चाके ठेवून धावते. मोकळ्या हवेत तरंगणाऱ्या आकृतीवर केलेली चाचणी या परिस्थितीबद्दल फारसे काही सांगत नाही.

वजनाच्या जागेबाबत दावा अधिक भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या साधारण एक इंच पुढे ठेवतात, कारण उतारावर गाडीचा मागचा भाग उंच असतो आणि वजन जितके मागे तितक्या जास्त उंचीवरून ते खाली येते. उतार ३० अंशांचा धरला तर वजन एक इंच मागे नेल्याने ते अर्धा इंच वर जाते, ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते आणि शेवटच्या रेषेवर काही सेंटिमीटरची आघाडी मिळते, जी निकाल फिरवायला पुरेशी आहे. परंतु सॉफ्टवेअर लाकडाची घनता एकच आकडा धरून चालते, तर प्रत्यक्षात एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा सहज जड निघतो. चाके बसवलेली गाडी फूटपट्टीच्या कडेवर तोलून पाहिली की गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे ते क्षणात कळते. एकूण वजन तर शेवटी काट्यावरच ठरते.

या सल्ल्यात ज्याचा उल्लेखही नसतो ती गोष्ट म्हणजे खिळे, आणि माझ्या मते शर्यत तिथेच जिंकली किंवा हरली जाते. पाकिटातून काढलेला खिळा प्रकाशात धरून पाहावा: डोक्याच्या आतल्या बाजूला धातूची खरखरीत कड असते आणि दांड्यावर साच्याच्या पकडीचे उंचवटे दिसतात. चाक प्रत्येक फेऱ्यात याच जागांवर घासते. खिळा ड्रिलमध्ये पकडून आधी बारीक कानस, मग क्रमाने अधिकाधिक बारीक पॉलिश पेपर लावावा आणि शेवटी ग्रॅफाइटची भुकटी चोळावी. कोणताही आराखडा हे काम करू शकत नाही. तीच गोष्ट चाकांच्या सरळपणाची. पडद्यावर आसाचे भोक नेहमीच काटकोनात असते, पण ड्रिलचे पाते लाकडाच्या रेषांबरोबर सरकते, आणि किंचित तिरके चाक गाडीला मधल्या पट्टीवर पुन्हा पुन्हा आपटवत नेते. गाडी थोड्या कललेल्या सपाट फळीवरून सोडून ती कोणत्या बाजूला झुकते ते पाहावे आणि खिळ्याचा कोन थोडा थोडा बदलत दुरुस्ती करावी. स्थानिक नियमांत बसत असेल तर पुढचे एक चाक जरासे उचलून ठेवल्याने ते फिरवण्याची ऊर्जाही वाचते, आणि हा फायदा वजन इंचभर मागे नेण्याच्या तोडीचा असतो.

राहिला शेवटचा दावा, की संगणक नसलेल्या घरातल्या मुलाला संधीच नाही. संगणकावर चालणारे कटाईयंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांची भोके अचूक पडतात, हे खरे; पण ते श्रेय यंत्राच्या पक्क्या पकडीचे आहे. तीच अचूकता, आधीच सरळ भोक पाडलेला एक गाइड ठोकळ्यावर घट्ट आवळून, त्यातून ड्रिल चालवल्यावर मिळते. आकाराचा नमुना तर आठ वर्षांचे मूल आलेख कागदावर स्वतः काढून ठोकळ्यावर चिकटवू शकते.