गाडी मिसिंग मारते म्हणजे पेट्रोलच खराब? जरा थांबा

जुन्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी असेल आणि अधूनमधून मिसिंग मारत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही आणि इंजिन झटके देतं) तर दोष इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, ऑक्टेन बूस्टर टाका, स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) आणि त्यांच्या वायरी सरसकट नव्या टाका, तरी राहिलं तर चालू इंजिनात एकेक वायर उपटून बघा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड नसेल तर इंजिन ओके, आणि शेवटचा उपाय म्हणजे बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा. यातलं सगळंच खोटं नाहीये, तीच तर पंचाईत.

आधी इथेनॉल. लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते त्यात, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज पडतं हे खरं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाईप, सील याचा विचार करून बनवलेले नव्हते हेही खरं. पण पेट्रोल सगळ्या सिलिंडरला एकाच टाकीतून जातं ना? मग एखाद्या गाडीत फक्त दोन नंबरचाच सिलिंडर का सुटतो, म्हणजे पेटायचा का राहतो, आणि तोही पाऊस पडून गेल्यावर सकाळी पहिली दहा मिनिटंच? टाकीत पाणी शिरून इथेनॉल त्याच्यासकट तळाला बसलं तर अख्खी गाडीच रडते, एखादा सिलिंडर नाही. आणि ऑक्टेन बूस्टर कशाला, इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त असतो, शिवाय ऑक्टेनचा संबंध नॉकिंगशी, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन खडखडण्याशी, मिसिंगशी नाही. ते पैसे वाचवा.

आता प्लग-वायरी. बरेचदा दोष तिथेच निघतो, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण सगळं एकदम बदललं की नक्की काय गेलं होतं ते कधीच कळत नाही, आणि कारण दुसरंच असेल तर महिन्याने परत तेच. त्यापेक्षा मिसिंग *कधी* होतं ते आठवडाभर बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. घाटात चौथ्या गिअरला कमी स्पीडवर एक्सलरेटर दाबला की झटके आणि एरवी लोण्यासारखी चालते, तर स्पार्क कमजोर आहे, कारण लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. फक्त आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत एक्सलरेटर न दाबता, थरथरते आणि रेस केली की नीट, तर कुठेतरी हवा ओढतेय का, व्हॅक्यूमचे पाईप तडकलेत का ते बघा, किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टाइट झालेत का. अर्धा तास चालल्यावर गरम होऊन सुरू होतं आणि थंड झाली की गायब, तर कॉईलवर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणाऱ्या भागावर, संशय घ्या. सीएनजीवाल्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा, गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक म्हणजे किटच खराब असं लगेच ठरवू नका, गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं म्हणून थकलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो.

प्लग काढलाच आहे तर नुसता काळा-तांबडा रंग बघून सोडू नका, वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक उभी काळी रेघ दिसते का बघा. ठिणगी टोकाला न जाता बाहेरून पळतेय त्याची ती खूण. वायरच्या रबरी टोपीतही आतून तशीच रेघ सापडते, आणि नुसता प्लग बदलून टोपी जुनीच ठेवली तर नवा प्लगही त्याच वाटेने जातो. ज्या इंजिनात प्लग खोल खड्ड्यात बसतात तिथे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून खड्ड्यात ऑइल साचलंय का तेही बघून घ्या.

वायरी उपटून बघण्याचं मात्र खरंच करू नका. कार्बोरेटरच्या काळातले मिस्त्री करायचे, ठीक होतं. आता कॉईल हजारो व्होल्ट काढते, वायर सुटली की ते व्होल्टेज वाट शोधतं, कधी तुमच्या हातातून तर कधी कॉईलच्याच आतलं इन्सुलेशन फोडून, आणि न जळलेलं पेट्रोल जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो तो वेगळाच. सिलिंडर शोधायचाय तर इंजिन बंद असताना एकाच इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढा, चालू करून बघा, ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो तुमचा. मिसिंग चालू असतानाच बघायचं हं, नाहीतर चारही सारखेच वाटतील. जुन्या सँट्रोसारख्या गाडीत एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्यांना एकेक कॉईल असते, म्हणजे एक आणि चार दोन्ही सुटत असतील तर कॉईल बघा, एकटाच सुटत असेल तर आधी वायर, प्लग, मग इंजेक्टर. वायरी तपासायला रात्री अंधारात बोनेट उघडून स्प्रे बाटलीने लांबून हलका पाण्याचा फवारा मारा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या दिसल्या तर विषय संपला.

कोड नाही म्हणजे इंजिन ओके? आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड दाखवायची पद्धत, सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून, त्याआधीच्या गाडीने मिसफायर ओळखून दाखवावा ही अपेक्षाच चुकीची. नंतरच्या गाड्यांतही ठराविक फेऱ्यांत पुरेशा वेळा सुटला तरच पी०३०१ (एक नंबरचा सिलिंडर सुटतोय) वगैरे कोड पडतो, अधूनमधून एखादा झटका कॉम्प्युटर सोडून देतो. उलट कोड आला तरी तो फसवू शकतो. सिलिंडर सुटला की न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग लीनचा (पेट्रोल कमी, हवा जास्त) कोड येतो आणि गॅरेजवाला सेन्सर बदलून बिल हातात देतो. चेक लाईट *लुकलुकत* असेल तर मात्र गाडी पळवू नका, कन्व्हर्टर जळतोय असं ती सांगतेय.

राहिली बॅटरीची वायर. ती काढल्यावर दोन दिवस गाडी बरी वाटू शकते, कारण कॉम्प्युटरने शिकलेलं सगळं पुसलं जातं. पण त्याबरोबर साठवलेले कोडही जातात, म्हणजे मिस्त्रीला दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा, मग काय ते करा.