‘दम असता तर गाजली असती’: एका लाडक्या फॉरवर्डची झडती

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणाऱ्यांच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: अनोळखी मांगांवर वेळ घालवू नका. दम असता तर ॲनिमे (मांगावरून काढलेली ॲनिमेशन मालिका) निघाला असता. मासिकाने मधेच बंद केली म्हणजे जपानी वाचकांनीच ती नाकारली. इंग्रजीत आली नाही म्हणजे प्रकाशकांनीही नाकारली. चित्रं कच्ची दिसली तर मिटून ठेवा, तीन प्रकरणांत पकड बसली नाही तर सोडा, आणि वाचकांच्या साइटवर दहापैकी साडेसातपेक्षा कमी गुण असतील तर उघडूसुद्धा नका.

पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. वाचायला हजारो मालिका आणि रिकामा वेळ रात्रीचा तासभर, तेव्हा चाळणी हवीच. पण ही चाळणी मांगा गाजली की नाही एवढंच सांगते. ती पानावर कशी उतरली आहे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी ॲनिमे. तो काढायचा की नाही हे एक समिती ठरवते हे खरं, पण ती पैसे घालणाऱ्यांची असते: प्रकाशक, वाहिनी, गाण्यांचे हक्क घेणारी कंपनी, खेळणी विकणारे. प्रत्येकाला आपापला माल खपवायचा असतो. प्रकाशकाचा हिशोब तर उघडच आहे, मालिका चालू असताना ॲनिमे आला की खंड उचलले जातात. त्यामुळे संपलेली मांगा, बारा-तेरा भागांत न मावणारी मांगा, चाळिशीच्या वाचकासाठी लिहिलेली मांगा रांगेत मागे राहते. हितोशी इवाआकीची ‘कीसेइजू’, म्हणजे आपल्याकडे ‘पॅरासाइट’ म्हणून ओळखतात ती, 1995 मध्ये संपली आणि टीव्हीवर आली 2014 मध्ये. योशिहिरो तोगाशीची तीन खंडांची ‘लेव्हल ई’ 1997 मध्ये संपली, ॲनिमे 2011 चा. मधल्या काळात या मांगांचं एक पानही बदललं नव्हतं. फॉरवर्डच्या हिशोबाने मात्र त्या इतकी वर्षं वाईट होत्या आणि एका हंगामात सुधारल्या.

याच इवाआकीची ‘हिस्टोरी’ घ्या. 2003 पासून चालू आहे, ॲनिमे नाही. 2010 साली जपानच्या मीडिया आर्ट्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार आणि 2012 साली तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार तिला मिळालाय. नायक युमेनीस, जो पुढे अलेक्झांडरचा चिटणीस झाला. युद्धाच्या मांगात आरडाओरडा आणि उडणारी धूळ पाहायची सवय असेल तर इवाआकीची चित्रं आधी फिकी वाटतात. रेषा साधी, चेहरे कोरडे, आणि भयंकर गोष्टी भाजी निवडावी तितक्या थंडपणे सांगितलेल्या. पण त्या थंडपणाचा उपयोग बघा. कार्डिया या ग्रीक नगरात प्रतिष्ठित घरचा मुलगा म्हणून वाढलेला युमेनीस मुळात सिथियन, म्हणजे ग्रीकांच्या लेखी रानटी टोळीतला आहे, हे उघड होतं आणि तो गुलाम ठरतो. ज्यांच्यात वाढला त्याच लोकांच्या देखत त्याला नेलं जातं, तेव्हा एरवी डोकं शांत ठेवणारा हा पोरगा फसवलंत मला म्हणून किंचाळतो. एवढा वेळ आवाज चढवलेला नसल्यामुळे ते एक पान कानठळ्या बसवतं. हे बलस्थान. आणि दुबळेपण? गाडी पुढे सरकत नाही. सुरुवातीलाच नायक तरुण वयात दिसतो, लगेच कथा त्याच्या बालपणात शिरते आणि कितीतरी खंड तिथून हलत नाही. अकरावा खंड 2019 चा, बारावा 2024 चा. पाच वर्षांनी बारावा उघडताना कोण कोणाचा सरदार हे लक्षात राहणं अशक्य आहे. ‘हिस्टोरी’ हातात देताना मी हे दोन्ही सांगेन. ॲनिमे नाही, हे सांगायचं सुचणारही नाही.

‘बंद पडली म्हणजे वाचकांनी नाकारली.’ कोणत्या वाचकांनी, आणि त्यांना नेमकं विचारलं काय होतं? ‘शोनेन जंप’ साप्ताहिकाची पद्धत प्रसिद्ध आहे. अंकासोबत एक कार्ड असतं, त्यावर त्या अंकातल्या आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या. त्यावरून क्रम लागतो, आणि नव्या मालिकेचं भवितव्य साधारण पहिल्या दहाएक आठवड्यांत ठरायला लागतं. आता गंमत बघा. समजा एखादी मालिका पुष्कळ जणांना आवडते, पण प्रत्येकाच्या यादीत ती चौथी आहे. कार्डावर ती शून्य. उलट थोड्यांनाच आवडणारी, पण त्या थोड्यांची पहिली पसंती असलेली मालिका तगून जाते. हा कौल खोटा नाही, पण तो एका अंकाचा, एका वयोगटाचा आणि पहिल्या काही प्रकरणांचा आहे. गावही बदलून बघा. जिरो तानिगुचीला शांत, प्रौढ मांगांसाठी जेवढा मान फ्रान्समध्ये मिळाला तेवढा मायदेशात मिळाला नाही. अंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात 2003 साली त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि 2011 साली फ्रेंच सरकारने सन्मान दिला. त्याचा वाचक फक्त वेगळ्या देशात बसला होता.

म्हणून बंद पडलेली प्रत्येक मांगा अन्यायाची बळी, असंही नाही. मासामी कुरुमादाची ‘ओतोकोझाका’ 1984 मध्ये ‘जंप’मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तीन खंडांत गुंडाळली गेली. शेवटी नायक चढ चढायला निघालेला आणि त्यावर भल्या मोठ्या अक्षरांत ‘अपूर्ण’. जपानी वाचकांत हे पान इतकं गाजलं की अर्धवट बंद पडलेल्या मांगांची चेष्टा करायला आजही त्याचाच आधार घेतात. पण मूळ तीन खंड वाचा. गल्लोगल्लीचे पोरसवदा म्होरके एकत्र येऊन परदेशी टोळ्यांशी भिडणार, ही कल्पना ऐसपैस. त्यापायी माणसांची भरती एवढी होते की एकाही म्होरक्याला श्वास घ्यायला जागा नाही. 2014 मध्ये कुरुमादाने ती पुन्हा हाती घेतली, तरी सूर 1984 चाच राहिला. त्या शेवटच्या पानाला माझा सलाम, मालिकेला नाही.

आणि नावाचाच भरवसा धरायचा तर मासाशी किशिमोतोची ‘सामुराई 8’ आठवा. ‘नारुतो’च्या कर्त्याची कथा, चित्रं अकिरा ओकुबोची, 2019 मध्ये वाजतगाजत सुरू, 2020 मध्ये पाच खंडांवर बंद. पानापानावर नवी संज्ञा, नवा नियम आणि तो समजावून सांगणारं कुणीतरी पात्र. नायकाला काय हवंय हे कळण्याआधी विश्वाची नियमावली पाठ करावी लागते. इथे कार्ड पाठवणाऱ्या वाचकांशी माझं मत जुळतं, पण ते जुळतं हे पानं बघितल्यावर कळलं.

इंग्रजीचा मुद्दा एका तारखेत संपतो. हितोशी आशिनानोची ‘योकोहामा काइदाशी किको’ 2006 मध्ये चौदा खंडांवर पूर्ण झाली, 2007 मध्ये तिला जपानचा विज्ञानकथेसाठीचा सेइउन पुरस्कार मिळाला आणि छापील इंग्रजी आवृत्ती सुरू व्हायला 2022 उजाडलं. तिच्याकडे पुन्हा येतोच.

आता चित्रं, कारण सगळ्यात जास्त मांगा याच मुद्द्यावर मारल्या जातात. नोबुयुकी फुकुमोतोचं कुठलंही पान उघडा: त्रिकोणी नाकं, सुळक्यासारख्या हनुवट्या, शरीरं लाकडी. ‘कायजी’ आणि ‘आकागी’मुळे हे नाव माहीत असतं, पण आकागी हे पात्र ज्या मांगातून बाहेर पडलं ती माहजाँग या सोंगट्यांच्या जुगारावरची ‘तेन’ (1989 ते 2002, अठरा खंड) आपल्याकडे फारशी कुणी उघडत नाही. चित्रांवर निकाल देणारा पहिल्या दहा पानांत पळेल. शेवटच्या तीन खंडांपर्यंत जो पोचेल त्याला वेगळंच काही भेटतं. (पुढचं परिच्छेदभर कथा फुटणार आहे.) म्हातारा झालेला आकागी अल्झायमरने हळूहळू विझतोय. आपण आपण आहोत तोवरच निरोप घ्यायचा, असं त्याने ठरवलंय. जुने प्रतिस्पर्धी एकेक करून त्याच्यासमोर येऊन बसतात आणि त्याचं मन वळवायला बघतात. डाव जवळपास नाहीतच. दोन माणसं आणि बोलणं. हिरो नावाचा तरुण जुगार सोडून नोकरीत नुसता दिवस ढकलतोय, आणि मरायला बसलेला आकागी त्यालाच विचारतो की तू जगतोयस का. इथे फुकुमोतोची तीच ओबडधोबड रेषा कामाला येते. चेहरे सुबक असते तर दुःख सजवल्यासारखं दिसलं असतं. या चेहऱ्यांवर लपवायला जागाच नाही.

म्हणजे चित्रं चांगली आहेत का? शरीररचना शिकायची तर नाहीत. गोष्टीला जे हवं ते देतात का, तर हो, पुरेपूर. चित्रांबद्दल मला तीन गोष्टी बघाव्याशा वाटतात: नजर पुढच्या चौकटीकडे आपोआप जाते का, माणसं एकमेकांपासून ओळखू येतात का, आणि बोलणं काढून टाकलं तर प्रसंग कळतो का. तिसऱ्या कसोटीत ‘तेन’ सरळ नापास होते. तिचे दोषही लपवायचं कारण नाही. सुरुवातीचे खंड हलक्याफुलक्या माहजाँगी लबाडीचे आहेत, पुढच्या उंचीची त्यात चाहूलही नाही. मधला पूर्व आणि पश्चिम जपानच्या जुगाऱ्यांमधला सामना माहजाँग न येणाऱ्याला जड जातो. आणि ताणायची ही खोड पुढे ‘आकागी’त हाताबाहेर गेली: वाशिझूबरोबरचा एका रात्रीचा सामना मासिकात जवळजवळ वीस वर्षं चालला! याला चिकाटी म्हणणारे चाहते भेटतात. मी याला वाचकाला वेठीला धरणं म्हणतो.

तीन प्रकरणांचा नियम म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पण आधी भांड्यात भातच आहे ना हे बघावं लागतं. आठवड्याला एकोणीस पानं देणाऱ्या मालिकेला तिसऱ्या प्रकरणाअखेर धक्का द्यावाच लागतो, तिथे तो कार्डाचा धाक असतो. महिन्यातून एकदाच निघणाऱ्या मासिकातल्या मालिकेला तो धाक तितका नसतो. ‘योकोहामा काइदाशी किको’ अशीच मासिकातली, ‘आफ्टरनून’मधली. समुद्र वर चढत चाललाय, शहरं पाण्याखाली गेलीत, माणसं कमी होत चाललीत. मिउरा द्वीपकल्पावर आल्फा नावाची यंत्रमानव मुलगी मालकाच्या माघारी एक कॉफीचं दुकान चालवते. गिऱ्हाईक क्वचित. पहिल्या तीन प्रकरणांत सांगण्यासारखं खरोखरच फार घडत नाही. पुढेही लढाई नाही, खलनायक नाही, पाणी का वाढलं याचा खुलासाही नाही. पण शेजारचा ताकाहिरो हा छोटा पोरगा खंडागणिक उंच होत जातो, आवाज बदलतो, एक दिवस गाव सोडतो. आल्फा मात्र तशीच, कारण तिला वय नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही. तुम्हाला जाणवतं तेव्हा सात-आठ खंड वाचून झालेले असतात. आल्फाइतकाच वेळ तुमचाही गेलेला असतो, आणि कथेचं सगळं बळ त्यात आहे. तीन प्रकरणांत ते मिळणं शक्यच नाही.

तिचेही दोष आहेत. यंत्रमानवांनी तोंडाला तोंड लावून निरोप पोचवायचा, ही सुरुवातीची युक्ती कथेची गरज म्हणून कमी आणि पुरुष वाचकाला गुदगुल्या म्हणून जास्त आलेली आहे. पाण्याजवळ दिसणारी विवस्त्र मिसागो त्याच पठडीतली. शिवाय बायकांचे चेहरे एकाच साच्यातले, केस बदलले की माणूस बदललं. भक्तमंडळी या गोष्टी पोटात घालतात, पण नव्या वाचकाला आधीच सांगितलेलं बरं.

गुणांबद्दल थोडक्यात, कारण इथे फॉरवर्ड स्वतःच्याच पायात अडकतं. मायॲनिमेलिस्टसारख्या साइटवर दीडशे प्रकरणांच्या अनोळखी मालिकेला गुण कोण देतं? बहुतेक करून शेवटपर्यंत टिकलेले. कंटाळून निघून गेलेले मागे वळून दोन गुण द्यायला येतीलच असं नाही. म्हणजे अनोळखी लांब मालिकेचा आकडा अनेकदा फुगलेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि ॲनिमे आल्यावर गर्दी वाढली की तोच घसरू शकतो. साडेसातची रेघ आखून कमअस्सल मालिका बाहेर राहतील हा भ्रम आहे. त्यातल्या बऱ्याच आरामात आत येतात. याच कारणासाठी उलट्या गोटातलं ‘कुणाला माहीत नाही म्हणजे दडलेलं रत्न’ हे पालुपदही मला पटत नाही.

त्या गोटासाठी एक नमुना घरचाच आहे. युकिची यामामात्सू नावाचा मांगाकार 2004 मध्ये दिल्लीला आला, धड इंग्रजी नाही, हिंदी नाही, आणि जपानी मांगा हिंदीत करून इथे विकायचा बेत. त्या खटाटोपावर त्याने मांगा काढली आणि चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने ती इंग्रजीत आणली. भाव करताना होणारी फजिती आणि स्वतःचा हेका तो अजिबात झाकत नाही, हे तिचं मोल. पण दिल्लीची माणसं त्याच्या रेषेत बरेचदा नुसती नमुनेच राहतात, आणि शौचाचे विनोद लवकरच कंटाळा आणतात. दुर्मीळ आहे, आपल्याविषयी आहे, म्हणून मी तिला जास्तीचा गुण देणार नाही.

यातली एखादी घ्यायचीच असेल तर ‘योकोहामा’चे पहिले दोन खंड सलग वाचू नका, दिवसाला एक प्रकरण पुरे. ‘हिस्टोरी’ मात्र सुट्टीत एका बैठकीत, नावं कागदावर लिहून. आणि ‘तेन’ला हात घालण्याआधी माहजाँगचे नियम कुणाकडून तरी समजून घ्या, मधल्या सामन्यातले डाव कळले नाहीत, तर शेवटच्या तीन खंडांत आकागीसमोर येऊन बसणारी ही माणसं कोण, हेच कळणार नाही.