इन्सुलिनच्या बाटलीत जंतू नसतात

'इन्सुलिनच्या नावाखाली विष्ठेतले जंतू टोचतात, पूर्वीचे इन्सुलिन नैसर्गिक होते, आताच्याचे आयुष्यभर व्यसन लागते; त्यापेक्षा कारल्याचा रस प्या', असा एक संदेश सध्या फिरत आहे. तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने कोणालाही न सांगता दोन दिवस इन्सुलिन घेतलेच नाही. तिसऱ्या दिवशी तिची साखर ४१० निघाली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या आतड्यात असतो, एवढेच त्यात खरे आहे. औषधासाठी वापरतात तो त्याचा प्रयोगशाळेत वाढवलेला, रोग न करणारा वाण असतो. त्यात मानवी इन्सुलिन बनवण्याची जनुकीय माहिती घालतात, मोठ्या टाक्यांत त्याची वाढ करतात, नंतर पेशी फोडून आतले प्रथिन बाहेर काढतात आणि ते अनेक टप्प्यांत शुद्ध करतात. पेशीच फोडल्यावर जिवंत जंतू उरणार कुठून? शिवाय काही उत्पादक ई. कोलायऐवजी यीस्ट वापरतात. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना त्याचा उग्र, औषधी वास ओळखीचा असेल. तो मेटाक्रेसॉलचा किंवा फिनॉलचा असतो, आणि हे पदार्थ बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणूनच घातलेले असतात.

'नैसर्गिक' म्हणून ज्याचे गोडवे गायले आहेत, ते इन्सुलिन कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या आणि गायीबैलांच्या स्वादुपिंडांतून काढत असत. पाव किलोच्या आसपास इन्सुलिनसाठी सुमारे दोन टन स्वादुपिंडे लागत. चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणाऱ्या मावशीला हा तपशील कोणी कळवला नाही. माणसाच्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक, असतात. डुकराचे त्याहून एका ठिकाणी वेगळे, गायीचे तीन ठिकाणी. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले, जिवाणूंकडून बनवून घेतलेले इन्सुलिन मात्र हुबेहूब माणसाचे होते.

प्राण्यांचे इन्सुलिन सोडून मानवी इन्सुलिन घेऊ लागल्यावर साखर उतरल्याची पूर्वसूचना नीट मिळत नाही, अशी तक्रार काही रुग्णांनी केली होती, हे नाइलाजाने मान्य करते. परंतु वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ४५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि दोन्ही प्रकारांत रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा फरक आढळला नाही.

व्यसनाचा मुद्दा सर्वांत घातक आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे बाहेरून मिळाले नाही तर रुग्ण जगत नाही. इन्सुलिन येण्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस मिळवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचले गेले, आणि मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. दुसऱ्या प्रकारात काहींचे इन्सुलिन पुढे बंद होऊ शकते, पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

कारल्याची भाजी मावशीने खुशाल खावी. इंजेक्शनची वेळ तेवढी चुकवू नये.