वकिलातीतल्या नोकराला कोर्ट नाही, हे खरं नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक इशारा फिरतोय. मुंबई-दिल्लीच्या परदेशी वकिलातींत ड्रायव्हर, स्वयंपाकी, क्लार्क म्हणून लागणाऱ्या पोरांसाठी तो आहे. म्हणणं असं: वकिलात ही परदेशाची जमीन, तिथं आपला कायदा लागत नाही, पगार बुडाला तरी जगात कुठंच दाद मागता येत नाही, आणि करारावर सही केली की विषय संपला. हे वाचून कुणी घामाच्या पैशावर पाणी सोडू नये, म्हणून लिहितोय.

जमिनीचा मुद्दा साफ चुकीचा आहे. दिल्लीच्या चाणक्यपुरीतली वकिलात भारताच्याच जमिनीवर उभी असते. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 22 मुळे पोलिसांना परवानगीशिवाय आत जाता येत नाही, इतकंच. यजमान देशाचे कायदे पाळायचे, हे त्याच कराराच्या कलम 41 मध्ये लिहिलंय.

कोर्टाचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86 आडवं येतं, हे मान्य. परदेशी राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. पण संमती लागणं म्हणजे बंदी नव्हे. अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय सरकारला नकार देता येत नाही, असं त्याच कलमात आहे. दिल्लीत अल्जीरियाच्या वकिलातीची दुरुस्तीची कामं केलेल्या एका कंत्राटदाराचे पैसे थकले आणि परराष्ट्र खात्यानं राजकीय कारण सांगून संमती नाकारली. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की हा अधिकार मनमानीनं वापरायचा नाही, कारणं द्यावी लागतील. तो कंत्राटदार होता, नोकर नव्हता. पण संमतीचा अर्ज करणाऱ्या कुणालाही हा निकाल दाखवता येतो.

आता करार. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात एक पोरगा नेमणूकपत्र घेऊन आला होता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ओळ होती: वाद झाल्यास आमच्याच देशाच्या कोर्टात. नेमकी अशीच अट बर्लिनमधल्या अल्जीरियन वकिलातीच्या एका ड्रायव्हरच्या करारात होती. त्यानं 2007 मध्ये ओव्हरटाईमचे पैसे मागितले आणि त्याची नोकरी गेली. युरोपीय संघाच्या न्यायालयानं 2012 मध्ये ठरवलं, की वाद होण्याआधीच घातलेल्या अशा अटीनं कामगाराला जर्मन कोर्टाची वाट बंद करता येत नाही. तो निकाल भारतावर बंधनकारक नाही. तरीही सही केली म्हणजे सगळं संपलं, असं मानून घरी बसू नका.

‘जगात कुठंच’ हेही खोटं. लंडनमध्ये सुदानच्या वकिलातीतली स्वयंपाकीण आणि लिबियाच्या वकिलातीतली घरकाम करणारी बाई कोर्टात गेल्या. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं परदेशी राज्यांना कोर्टापासून संरक्षण देणाऱ्या 1978 च्या ब्रिटिश कायद्यातल्या, त्यांना अडवणाऱ्या तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत ठरवल्या.

खरी अडचण पुढं आहे, आणि व्हॉट्सॲपवरचा तो इशारा तिच्याबद्दल बोलतच नाही. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा आपल्या बाजूचा निकाल, मिळाला तरी अंमलबजावणीला पुन्हा केंद्राची संमती लागते, आणि वकिलातीची इमारत किंवा सामान जप्त होत नाही. म्हणून कागद पहिल्या दिवसापासून जपा: नेमणूकपत्र, बँकेच्या नोंदी, ओव्हरटाईमची वही. थकलेल्या पगाराच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. संमतीच्या अर्जात गेलेला काळ त्यातून वगळला जातो. पण अर्ज तर वेळेत करायला हवा.