भाड्याच्या घराचा हरकाम्या

भाड्याचं घर म्हणजे घरबसल्या उत्पन्न, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाने स्वतःचं एकही घर भाड्याने दिलेलं नसतं. घरबसल्या हे खरंच आहे म्हणा. फक्त घरात भाडेकरू बसलेला असतो आणि मी प्लंबरच्या दारात.

घराच्या किमतीच्या साधारण १ टक्का रक्कम दर वर्षी देखभालीसाठी बाजूला काढावी, असा एक ठोकताळा आहे. ऐकायला किती गरीब वाटतो हा १ टक्का! पण वर्षाचं भाडंच किमतीच्या ३ टक्के असेल, तर हा गरीब चार महिन्यांचं भाडं खिशात घालून निघून जातो. उरलेल्या आठ महिन्यांवर घरपट्टी, विमा, सोसायटीचा मेन्टेनन्स आणि एजंटची दलाली टपून असतात. कर्जाच्या हप्त्याचा विषय आमच्या घरी काढत नाहीत. शिवाय हा टक्का सरासरीचा. प्रत्यक्षात घर दोन-तीन वर्षं गुणी बाळासारखं वागतं आणि मग एकाच महिन्यात पाइप, गीझर आणि दाराची चौकट संगनमताने निवृत्ती घेतात.

या सगळ्या खर्चांचा मूळपुरुष म्हणजे पाणी. अचानक लागलेली आग विम्यात बसते; हळूहळू झिरपणारी ओल बहुधा फक्त भिंतीत बसते. पाणी शिरतं एकीकडे आणि उगवतं भलतीकडे. बेडरूमच्या छतावर डाग दिसला म्हणून छत खरवडलं, तर उगम निघाला वरच्या न्हाणीघरात, टाइल्सच्या फटीत. दुर्लक्ष करायचीही सोय नाही. पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचलं की त्या गंजतात, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो काँक्रीट फोडून ती घेतो. तीही भाडं न देता.

प्लंबर आला. वर बघत त्याने मान हलवली. मान जितकी जास्त वेळ हलते तितकं बिल वाढतं, हे मी आता ओळखून आहे.

"आधीचं काम कोणी केलंय हो? पार वाट लावलीय."

"तुम्हीच केलंय."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग तेव्हा सामान तुम्ही आणलं असणार."

रंगाऱ्याचं त्याहून वेगळं. ओल वाळेपर्यंत रंग लावू नये, लावला तर पोपडे धरतात, हे त्याला ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं. पण वाळायला वेळ द्यायचा तर घर रिकामं ठेवा! एक महिना घर रिकामं म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त हवेत. डिपॉझिटमधून काही कापावं, तर वापराने रंग उडाला ही झीज, आणि झीज मालकाची. भिंतीला भोक पडलं तर ते नुकसान. खिळ्याचं भोक नेमकं कशात, यावर आमचं आणि आधीच्या भाडेकरूचं अजून एकमत झालेलं नाही.

हे सगळं मनाशी घोळवत यंदा ५ टक्के भाडेवाढ मागायला गेलो. जिन्यातच आकडेमोड केली: वाढ नाकारून हा उठून गेला आणि घर महिनाभर रिकामं राहिलं, तर पुढच्या भाडेकरूच्या वाढीव भाड्यातून तेवढी तूट भरून यायला २० महिने लागतील. दार उघडेपर्यंत माझी ५ टक्क्यांची ३ झाली होती.

"या काका, बरं झालं आलात," तो म्हणाला. "मी फोन करणारच होतो."

पाठोपाठ एक यादी आली. स्वयंपाकघरातला नळ सेकंदाला एक थेंब गळत होता, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. हा गुणाकार त्याने स्वतः करून ठेवला होता. वॉशर, कडी, न्हाणीघराचा पंखा. शेवटी गीझर.

भाडं आहे तेवढंच राहिलं. गीझर मात्र नवीन बसवायचं ठरलं. निघताना तोच मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, अजिबात काळजी करू नका. आम्ही कुठे जात नाही."