रामटेकच्या चढावर गाडी दम तोडते, या तक्रारीला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की 75 पीएसची जुनी डिझेल विकून आमच्याकडून 1.2 लिटरची 90 पीएसची पेट्रोल हॅचबॅक घेतली, आम्ही ती जास्त ताकदीची म्हणून गळ्यात मारली, आणि एसी लावून पाच जण बसले की रामटेकच्या गडाच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये दम तोडते. एक तर इंजिन खराब आहे, नाहीतर आम्ही खोटं बोललो, असं तुमचं म्हणणं.

इंजिन खराब नाही. मंगळवारी कॉम्प्रेशन, प्लग, एअर फिल्टर, क्लच सगळं तुमच्यासमोर तपासलं. पण आमच्या माणसाने तुम्हाला अर्धवट सांगितलं, हे खरं आहे. 75 पेक्षा 90 जास्त, एवढंच तो बोलला. टॉर्कचं नावही काढलं नाही. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

तुमच्या डिझेलचा टॉर्क होता 190 एनएम (न्यूटन-मीटर), तोही 2000 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असताना. या पेट्रोलचा आहे 113, आणि तो मिळतो 4400 ला. टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, आणि पीएस म्हणजे तो जोर किती वेगाने लागतो त्याचा हिशोब. एनएमला आरपीएमने गुणा, 7023 ने भागा, त्या क्षणाचे पीएस निघतात. 2000 आरपीएमला तुमची डिझेल 54 पीएस देत होती. पेट्रोलला तिथे पूर्ण 113 एनएम मिळाले असं धरलं तरी 32 च होतात, आणि पूर्ण मिळतही नाहीत. 90 चा आकडा खरा आहे, पण तो 6000 आरपीएमचा. व्हरायटी चौकातून सीताबर्डीच्या गर्दीत शिरताना तिथवर इंजिन कोण नेतं?

त्यात आपल्याकडचा मे महिना. 45 अंशांत हवा विरळ होते, टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनला ती कमी मिळते, आणि एसीचा कॉम्प्रेसर त्याच इंजिनातून जोर ओढतो. तुम्हाला जाणवलं ते अगदी बरोबर आहे.

रविवारी मी त्याच मॉडेलची गाडी घेऊन, पाच जण बसवून गडावर गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा 1500 वर असताना पाय दाबला, तर गाडी नुसती थरथरली, गिअरचा दांडा हातात कापत होता. पहिला टाकला, काटा 3500 वर नेला, आणि ती न अडखळता वर चढली. आवाज वाढतो, डिझेलवाल्याला तो जिवावर येतो हे मला कळतं, पण या इंजिनचं काम तिथेच आहे. डिझेलसारखं वरच्या गिअरमध्ये ओढू नका, चढाच्या आधीच गिअर उतरवा.

हे जमणार नसेल किंवा आवडतच नसेल, तर तीन आठवड्यांत झालेलं रनिंग न मोजता गाडी त्याच रकमेत परत घेतो, नावावर करण्याचा आरटीओचा खर्चही माझा. बदल्यात 1.0 लिटरची टर्बो पेट्रोल दाखवू शकतो, टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. तिचे 172 एनएम 1500 पासून 4000 पर्यंत सलग मिळतात, त्यामुळे फ्लायओव्हरवर आणि समृद्धीवर ओव्हरटेक करताना तुम्हाला डिझेलची आठवण कमी येईल. मात्र 1500 च्या खाली तीही सुस्त असते आणि किंमतही जास्त आहे, हे आधीच सांगतो.

आमच्या प्रत्येक गाडीच्या काचेवर लावतो त्या कार्डावर फक्त पीएस असायचे. सोमवारपासून एनएम आणि दोन्हींचे आरपीएम लिहायला लावलेत.

शनिवारी सकाळी घरच्यांना घेऊन या. तुमची गाडी आणि टर्बो, दोन्ही त्याच चढावर तुम्ही स्वतः चालवा, एसी चालू ठेवून. पेट्रोल आमचं.