‘मोलेक्स खोचा, झालं काम’? जरा थांबा

लॅमिंग्टन रोडवर जुन्या सर्व्हरची खटपट करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘भंगारातली स्कझी बॅकप्लेन म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. मोलेक्स खोचा, केबल लावा. टर्मिनेटर ड्राइव्हमध्येच असतो. आयडी ड्राइव्हवरच्या जंपरने लावा. कुठलीही ड्राइव्ह चालते. दिसली नाही तर मेली, फेकून द्या.’ (स्कझी म्हणजे सर्व्हरच्या अनेक ड्राइव्ह एकाच केबलवर जोडायची जुनी पद्धत; बॅकप्लेन म्हणजे त्या ड्राइव्ह ज्यात खोचतात तो बोर्ड; मोलेक्स म्हणजे पॉवर सप्लायचा चार तारांचा प्लग; टर्मिनेटर म्हणजे टोकाला सिग्नल परत उसळू नये म्हणून लावायचा तुकडा; आयडी म्हणजे दर ड्राइव्हचा नंबर.) हा मेसेज मला चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तरी स्वतः बॅकप्लेन उघडलेली आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.

मोलेक्सची पिवळी 12 व्होल्ट, लाल 5, काळ्या दोन ग्राउंड, इथवर ठीक. पण सर्व्हरमधून काढलेल्या बॅकप्लेनला बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा पॉवर कनेक्टर असतो, तिथे वायरींच्या रंगांवर विसंबू नका. ड्राइव्ह न लावता, सप्लाय बंद ठेवून, मल्टिमीटर बीपवर घ्या आणि ड्राइव्ह बसते त्या 80 पिनांच्या खाचेपासून उलटं शोधत या: 1 ते 4 बाराच्या, 34 ते 36 पाचच्या. पाचच्या लाइनवर बारा गेले की काय झालं ते नाकाला आधी कळतं.

टर्मिनेटरचं विधान 50 पिनांच्या जमान्यातलं. तेव्हा ड्राइव्हवर खरंच असायचा. 80 पिनांच्या ड्राइव्हवर तो नसतो, एलव्हीडीवरही (कमी व्होल्टचा सिग्नल तारांच्या जोडीवरून पाठवणाऱ्या ड्राइव्हवरही) नाही. बसच्या, म्हणजे सगळ्या ड्राइव्ह ज्यावर असतात त्या सामाईक लाइनीच्या, दोन्ही टोकांना एकेक हवा, मधे एकही नको. आणि नुसता असून भागत नाही, त्याला वीज लागते. लोअर परळच्या एका छापखान्यातला सर्व्हर माझ्याकडे आला होता. सहा ड्राइव्ह, बॅकप्लेन चोर बाजारातली. सर्व्हर सुरू होताना ड्राइव्ह शोधणाऱ्या स्कझी कार्डाला दर वेळी वेगळ्याच तीन-चार दिसायच्या. टर्मिनेटर जागेवर. शेवटी केबलच्या 68 पिनांच्या कनेक्टरवर 17 आणि 18 नंबरच्या पिना मोजल्या. टर्मिनेटरची वीज तिथूनच येते, आणि तिथे शून्य! कार्डावरचा तांदळाएवढा फ्यूज उडालेला. तो बदलल्यावर सहाच्या सहा हजर. मालकांनी त्याआधी दोन ड्राइव्ह भंगारवाल्याच्या तराजूत टाकल्या होत्या, त्या धावत जाऊन परत आणाव्या लागल्या.

आयडीचा जंपर 80 पिनांच्या ड्राइव्हवर शोधू नका. आयडी खाच ठरवते: चार लाइनी, 0 ते 15, त्यातला 7 बहुधा कार्डाचा. एका केबलवर दोन बॅकप्लेन लावल्या आणि दोन्हीकडे 0 आला, तर दोष ड्राइव्हचा कसा?

‘कुठलीही चालते’ हे अर्धं खरं. एक जुनी सिंगल-एंडेड (दर सिग्नलला एकच तार वापरणारी) ड्राइव्ह लावली की अख्खी एलव्हीडी बस तिच्या चालीने चालते. एचव्हीडी (तारांच्या जोडीवरूनच, पण जास्त व्होल्टवर चालणारी) मात्र चुकूनही मिसळू नका. शंका असेल तर 68 पिनांच्या कनेक्टरवरची 16 नंबरची पिन मोजा. 2.4 व्होल्टच्या वर दिसलं की केबल काढा.

राहिली ‘मेलेली’ ड्राइव्ह. ती फिरत नसेल तर कदाचित हुकमाची वाट बघत असेल, कारण कधी सुरू व्हायचं हेही बॅकप्लेनच्या पिनांवरून ठरतं. सगळ्या एकदम फिरल्या तर 12 व्होल्टवर दर ड्राइव्हला साधारण 2 अँपियर लागतात, म्हणून ही सोय. अ‍ॅडाप्टेक कंपनीचं कार्ड असेल तर बूटच्या वेळी कंट्रोल-ए दाबा, त्या आयडीपुढची ‘सेंड स्टार्ट युनिट कमांड’ चालू करा, आणि ड्राइव्हला कान लावा.